वृद्धांचे नैराश्य आणि औषधांपलीकडचे उपचार

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड आणि आंबिवली ही स्थानके मागे टाकून टिटवाळ्यास येते. महागणपतीच्या दर्शनासाठी अंगारकी चतुर्थीला येथे लोटणारा जनसमुदाय सर्वांच्या परिचयाचा आहे. या गावाचे दुसरे रूप पाहायचे तर मात्र आडवारी, भर दुपारी यावे लागते. कमावती माणसे सकाळच्या गाड्यांनी ठाणे-मुंबईकडे गेलेली असतात, मुले शाळेत असतात आणि ओळीने उभ्या राहिलेल्या इमारतींत जी माणसे मागे उरतात त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा मोठा असतो. मुंबईतील जागा परवडेनाशी झाली तसतशी मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबे डोंबिवली, कल्याण आणि पुढे टिटवाळा-बदलापूरपर्यंत सरकत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडू लागले, तेव्हा या स्थलांतरात आणखी भर पडली. चाळीतील दोन खोल्यांची अडचण गेली हे खरे; पण चाळीचा सामाईक व्हरांडाही गेला. उघड्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या वाट्याला उतारवयात बंद दार आणि दूरचित्रवाणी संच आला.

एकटेपणा आणि नैराश्य या दोन गोष्टी एक नव्हेत. भरल्या घरातही नैराश्य येते आणि एकटी राहणारी पुष्कळ माणसे समाधानात असतात. तरीही पहिल्याने दुसऱ्याला वाट करून दिली जाते, यात शंका नाही. या प्रश्नाचे आकारमान केवढे आहे, याची कल्पना मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या देशव्यापी अभ्यासावरून येते. त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची तीत पाहणी करण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. परंतु 'आपल्याला या आजाराचे निदान झाले आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अवघे ०.८ टक्के होते. म्हणजे दहा आजारी माणसांमागे जेमतेम एकाच्या आजाराला नाव मिळालेले होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या वर होती. देशाचे प्रमाण राज्याला लावले, तर ही संख्या नऊ लाखांच्या घरात जाते. यांतील बहुतेकांना आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही आणि त्यांच्या घरच्यांनाही ते ठाऊक नाही.

न ओळखला जाणारा आजार

याचे कारण या आजाराच्या रूपात आहे. तरुण माणूस 'मन लागत नाही' असे म्हणतो; वृद्ध माणूस गुडघे दुखतात, पोट साफ होत नाही, तीन वाजता झोप उडते, अन्नाला चव नाही, अशा तक्रारी सांगतो. कोणी चिडचिडा होतो, कोणी विसरभोळा होतो, कोणी नुसताच गप्प होतो. घरातील मंडळी त्यावर 'वय झाले की असे व्हायचेच' असे म्हणून मोकळी होतात आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याहून वेगळे काही सांगत नाहीत. वार्धक्यात दुःखाचे प्रसंग अधिक येतात ही गोष्ट निराळी आणि नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग आहे ही समजूत निराळी. ही समजूत खरी असती, तर साठीपुढील प्रत्येक माणूस नैराश्यग्रस्त असता. वस्तुस्थिती तशी नाही.

अमेरिकेत १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातील तीस प्रश्नांना केवळ 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर द्यायचे असते. पुढे १९८६ मध्ये पंधरा प्रश्नांची आटोपशीर आवृत्तीही निघाली. तिचे वैशिष्ट्य असे की झोप, भूक, अंगदुखी यांवर तिच्यात भर नाही, कारण त्या तक्रारी म्हातारपणी अन्य कारणांनीही असतात. आयुष्य रिकामे वाटते काय, बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते काय, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत आहेत. ही विचारपूस करण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. एखादी प्रशिक्षित परिचारिका ती सहज करू शकेल. परंतु रक्तदाब मोजण्याची जशी पद्धत पडली, तशी मन विचारण्याची पद्धत आपल्या दवाखान्यांतून पडलेली नाही.

निदान झालेच, तर पुढची पायरी बहुधा गोळीची असते. औषधांची येथे निंदा करण्याचे कारण नाही. तीव्र नैराश्यात औषधांनी असंख्य माणसे उभी राहिली आहेत. खाणेपिणे सुटलेल्या किंवा जीव नकोसा झालेल्या वृद्धाला विद्युत्-उपचारांनी वाचविता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे उपचार भूल दिल्याविना करण्यास मनाई केली असल्याने त्यांविषयीची जुनी भीतीही आता अनाठायी आहे. मात्र सत्तरीतील माणूस आधीच रक्तदाब, मधुमेह, संधिवात यांच्या चार-पाच गोळ्या घेत असतो. त्यांत नैराश्याच्या गोळीची भर पडली म्हणजे रक्तातील सोडियम कमी होणे, तोल जाणे, पडून हाड मोडणे असे धोके संभवतात. झोपेच्या गोळ्यांचे तर विचारावयासच नको; मूळ आजार तसाच राहून त्यांची सवय तेवढी जडते. म्हणूनच सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात औषधांपलीकडचे उपचार कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहत नाही.

गोव्यातील प्रयोग

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर दूरदेशी शोधावे लागत नाही. ते शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथील डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि अमेरिकेतील डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स प्रभृतींनी साठीपुढील १८१ व्यक्तींवर एक पद्धतशीर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मानसोपचारविषयक नियतकालिकात छापून आले. या व्यक्तींमध्ये नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पण पुरता आजार जडलेला नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी चार गोष्टींत मदत केली: अडचणींतून क्रमाक्रमाने मार्ग काढण्याची रीत, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी घेण्याची माहिती आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे. वर्षभरात पहिल्या गटातील १४.४ टक्के व्यक्तींना तीव्र नैराश्याने गाठले; दुसऱ्या गटात हे प्रमाण ४.४ टक्के राहिले.

प्रयोग लहान होता आणि तो आजार टाळण्याविषयी होता, जडलेला आजार बरा करण्याविषयी नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु त्याला जोड आहे ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातीलच दुसऱ्या अभ्यासाची. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अठरा ते पासष्ट वयाच्या ४९५ रुग्णांवर तो केला. हे रुग्ण सौम्य नव्हे, तर बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते. सहा ते आठ बैठकींचा उपचार मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. तो न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. दोन्ही प्रयोगांत उपचार करणारे कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती काही आठवड्यांचे शिक्षण घेतलेली आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारी सामान्य माणसे होती. या प्रयोगांचे खरे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

आधी कृती, मग उत्साह

अशा बैठकींत नेमके घडते काय? टिटवाळ्यातील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांची कल्पना करावी. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळा सुटली, बासष्टाव्या वर्षी पत्नी गेली. प्रथम सकाळचे फिरणे थांबले, मग वाचनालयात जाणे थांबले, मग फोन घेणेही थांबले. 'बरे वाटले की जाईन' असे ते म्हणतात. परंतु बरे वाटण्याची जी कारणे होती तीच बंद झाल्यामुळे बरे वाटण्याचा दिवस उगवत नाही. अंग काढून घ्यावे म्हणून मन खचते आणि मन खचले म्हणून आणखी अंग काढून घेतले जाते. कार्यकर्ता या चक्रात हात घालतो तो मनाच्या बाजूने नव्हे, कृतीच्या बाजूने. तो प्रथम त्यांना दिवसाची नोंद ठेवावयास सांगतो: कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन कसे होते. चार दिवसांच्या नोंदीवरून त्यांच्याच ध्यानात येते की शेजारच्या मुलाला गणित समजावून दिले तो अर्धा तास बरा गेला होता. मग तो अर्धा तास रोज ठराविक वेळी लावावयाचा. उत्साह येण्याची वाट पाहावयाची नाही; वेळ झाली की बसावयाचे. उत्साह मागाहून येतो, आणि आला नाही तरी नोंद पुढे चालू ठेवावयाची.

अडचणी सोडविण्याची रीतही अशीच साधी आहे. सगळी संकटे एकदम अंगावर आल्यासारखी वाटतात, तेव्हा ती कागदावर उतरवावयाची. त्यांतील हाताळता येण्याजोगे एक निवडावयाचे. त्यावरचे शक्य ते सर्व उपाय लिहावयाचे. प्रत्येकाचे बरेवाईट तोलून एक करून पाहावयाचा आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते तपासावयाचे. थकलेले निवृत्तिवेतन, मोतीबिंदूची लांबलेली शस्त्रक्रिया, सुनेशी झालेला अबोला हे सारे प्रश्न या पद्धतीत बसतात. झोपेच्या बाबतीत नियम चार आहेत: रोज एकाच वेळी उठावे, डोळ्यावर झोप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नये, झोप येत नसेल तर अंथरूण सोडावे आणि अंथरुणावर काढावयाचा एकूण वेळच कमी करावा. रात्री आठलाच दिवे मालवून पहाटेपर्यंत तळमळणाऱ्यांना हे नियम प्रथम जाचक वाटतात. परंतु त्यांचा गुण येतो.

शारीरिक व्यायामाची साक्षही भक्कम आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढील १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट करण्यात आले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालीन हे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. औषधाचा गुण लवकर दिसला. पण सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले होते. गतस्मृतींना उजाळा देण्याचा उपचारही याच मालिकेतला. म्हातारी माणसे जुन्या आठवणींत रमतात हे पूर्वी बुद्धिमांद्याचे लक्षण समजले जाई. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये असे प्रतिपादन केले की सरत्या आयुष्याचा हिशेब मनाशी जुळवून पाहण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. ऐकणारे कोणी असेल, तर तिच्यातून समाधान लाभू शकते.

उपदेश म्हणजे उपचार नव्हे

यावर असा आक्षेप येईल की यात नवे ते काय? फिरावयास जा, नामस्मरण करा, नातवंडांत रमा, हे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जातेच. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु उपदेश आणि उपचार यांतील भेद त्यात नजरेआड होतो. 'नातवंडांत रमा' असे सांगणारा माणूस सांगून निघून जातो आणि न रमलेल्या वृद्धाला आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. उपचार करणारा पुढच्या आठवड्यात परत येतो, काय जमले नाही ते विचारतो आणि त्याहून लहान पायरी सुचवितो. शिवाय नातवंडांना सांभाळणे हे अनेक घरांत रमणे नसून राबणे असते. विशेषतः विधवा वृद्धांच्या बाबतीत घरकाम हेच त्यांच्या आसऱ्याचे मोल ठरते. त्यांचे नैराश्य तर कोणाच्या गणतीतच नसते, कारण त्या काम करीत राहतात.

ध्यानधारणेविषयीही तारतम्य हवे. टिटवाळ्याजवळ विपश्यनेचे केंद्र आहे आणि अनेकांना या साधनेचा लाभ झाला आहे. परंतु विपश्यनेच्या शिबिरांच्या नियमावलीतच ही साधना वैद्यकीय वा मानसोपचारांना पर्याय नाही, असे स्पष्ट नमूद केलेले असते. खचलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौनात बसविणे हिताचे ठरेलच असे नाही. भजनी मंडळ, हास्यमंडळ, योगवर्ग यांची उपयुक्तता मोठी आहे, ती माणसाला घराबाहेर काढतात म्हणून. मात्र ज्याला घराबाहेर पडण्याचेच बळ उरलेले नाही, त्याच्यापर्यंत ती आपण होऊन पोचत नाहीत. कोणताही मार्ग धरण्यापूर्वी थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झाली पाहिजे. ऐकू न आल्यामुळे चारचौघांत बसणे टाळणाऱ्या वृद्धाला समुपदेशनापेक्षा श्रवणयंत्राची गरज अधिक असते. आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे हे तर सर्वथैव घातक होय.

जबाबदारी कोणाची?

टिटवाळा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येते. या महापालिकेची स्थापना १९८३ ची. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही तिची रुग्णालये. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्थाही ठाण्यातच आहे. कागदावर तरतुदींची वाण नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आणि राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ मध्ये आले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनामूल्य मानसिक साहाय्यही मिळू लागले. परंतु गुडघे धरलेल्या, खचलेल्या माणसाने गाडीच्या गर्दीतून ठाणे गाठावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. उपचार त्याच्या वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर आला पाहिजे.

हे अशक्य नाही, याचे दाखले आहेत. विदर्भात अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावरील सेवा पोचविण्यात आली. 'आत्मीयता' या उपक्रमाने नाशिक जिल्ह्यातील आदिवासी गावांत गावच्याच माणसांना या कामासाठी तयार केले. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या दवाखान्यांबाहेर साधी लाकडी बाके ठेवून तेथे आजीबाईंना समुपदेशनासाठी बसविले. त्यांच्या कामाचा गुण २०१६ मध्ये शास्त्रीय कसोटीवरही सिद्ध झाला. या उदाहरणाचा मथितार्थ आपल्याकडे विशेष ध्यानी घेण्याजोगा आहे. तेथे वृद्ध स्त्रिया उपकाराच्या धनी नव्हत्या, त्या उपचारकर्त्या होत्या. टिटवाळा, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकांतील कर्मचारी यांची संख्या थोडी नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, वाचनालये आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचे आहे. यांतून निवडक व्यक्तींना रीतसर शिक्षण देऊन, मानधन देऊन आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठेवून महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस बसविणे, एवढाच आरंभ पुरेसा आहे.

मात्र येथे एक धोका आहे. औषधाविना होणारे उपचार स्वस्त आहेत, म्हणून ते फुकट होतील, असा अर्थ शासनसंस्था सोयीस्करपणे काढू शकेल. आधीच कामाच्या ओझ्याने वाकलेल्या आशा सेविकांच्या शिरावर आणखी एक नोंदवही टाकून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. गोव्यातील यश हे चांगुलपणाचे नव्हते; शिक्षण, देखरेख आणि चिकाटीचा पाठपुरावा यांचे ते फळ होते. यांपैकी एक वगळले, तर उरतो तो उपदेशच.

शासनाच्या अन्य निर्णयांकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. राज्य परिवहन महामंडळाने २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढील नागरिकांना विनामूल्य प्रवासाची मुभा दिली, ती एका परीने आरोग्यसेवाच होय. कारण तीमुळे लेकीच्या गावी जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. उलट मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची प्रवासभाड्यातील सवलत काढून घेतली, तेव्हा वाचलेल्या रुपयांचा हिशेब झाला. न झालेल्या भेटींचा झाला नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. आपल्याकडे मंत्री वाढविण्याची गरज नाही. वृद्धांना बसता येतील अशी बाके, रात्री उजेड असलेले रस्ते, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि दुपारी उघडे असणारे वाचनालय एवढे दिले, तरी पुष्कळ माणसे आपणहून घराबाहेर पडतील.

जी बाहेर पडणार नाहीत, त्यांच्या दारावर मात्र कोणी तरी थाप मारली पाहिजे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मारली पाहिजे. काय विचारावे आणि काय करावे, हे आता पुरेसे ठाऊक झालेले आहे. ते करणारी माणसे नेमण्याचा निर्णय तेवढा व्हावयाचा राहिला आहे.